पडद्यावर पाणी काळं दिसतं

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आणि मला पहिली नोकरी लागली ती बायकांना 'लघवी भरली का' असं विचारायची. आज हे वाक्य मी सरळ लिहून टाकलं. तेव्हा आमच्या घरात यातला पहिला शब्द मोठ्यानं कुणी उच्चारला असता, तर आईनं देवासमोर दिवा लावला असता.

ऐंशीनंतरची ती वर्षं होती. रत्नागिरीत सोनोग्राफीचं मशीन नवीनच आलं होतं, आणि ते ज्या खासगी दवाखान्यात आलं तिथल्या डॉक्टरांना एक मदतनीस हवी होती. डॉक्टर घाटावरचे. बोलणं मोकळं, आवाज मोठा. मुलाखतीत त्यांनी मला एवढंच विचारलं, "बटनांना भिणार नाहीस ना?" मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता आपण पांढरा कोट घालून अंधाऱ्या खोलीत शास्त्रज्ञासारखं काम करणार. पांढरा कोट मिळाला. बाकीचं काम मात्र खोलीबाहेर, बाकड्यांसमोर होतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या भोंग्यातून येणारा त्यांचा आवाज अर्ध्या गावाच्या ओळखीचा होता. गाडी कुठली, फलाट कुठला, उशीर किती, सगळं खणखणीत. असा माणूस, पण माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की आवाज एकदम खाली यायचा. "दवाखान्याच्या ऑफिसात असते," असं म्हणून ते विषय बदलायचे. मला राग यायचा. मग कुणी मला विचारलं की मीही तेच सांगायचे.

पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी मला मशीन समजावून सांगितलं, आणि ते दिवस मात्र मी आनंदात होते. हातात धरायचा एक ठोकळा असायचा, कपड्याच्या साबणाच्या वडीएवढा, लांब वायरीच्या टोकाला. त्याला प्रोब म्हणायचे. त्याच्या आत स्फटिकांच्या बारीक चकत्यांची रांग. विजेचा झटका दिला की चकत्या थरथरतात आणि आवाज सोडतात, पण इतका उंच आवाज की माणसाला काय, कुत्र्यालाही ऐकू येऊ नये. आवाज सोडला की त्याच चकत्या गप्प होतात आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकत बसतात. यायला जितका वेळ, तितकी ती जागा खोल. खोलवरून आलेला प्रतिध्वनी दमून येतो, म्हणून मशीनवर सरकत्या बटणांची एक ओळ होती. उशिरा आलेल्यांना जास्त मोठं करायचं, लवकर आलेल्यांना कमी. हे मी कॉलेजात पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं, पण पोटाच्या आत असं काही दिसेल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "प्रोब बोलतो क्षणभर. बाकी सगळा वेळ नुसता ऐकतो. चांगल्या डॉक्टरानंही तसंच असावं." आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

पडद्यावर सगळा करड्या रंगाचा खेळ असायचा. खडा पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे सावली पडते. यकृत भुरकट. पाणी मात्र काळंभोर, कारण त्याच्यात आवाजाला अडवणारं काही नसतं, तो सरळ पार होतो आणि परत काहीच येत नाही. हवेचं उलट. हवेची नुसती पातळ फट आली तरी आवाज तिथूनच माघारी फिरतो आणि पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून कातडीवर जेली लावायची. आणि म्हणूनच तो प्रश्न. ओटीपोटात आतड्यांची गर्दी, आतड्यांत वायू. मूत्राशय भरलेलं असलं की ते आतड्यांना वर ढकलतं आणि स्वतः पाण्याची खिडकी होऊन बसतं. त्या खिडकीतून गर्भाशय दिसतं, मूल दिसतं, गाठ दिसते. मूत्राशय रिकामं असलं तर दिसतो तो नुसता धूर.

हे शास्त्र सोपं होतं, अडचण आमच्या बायकांची होती. लांज्याहून, संगमेश्वराहून, दापोलीहून एसटीनं यायच्या. आमच्याकडे बाई एसटीनं जायला निघाली की आदल्या रात्रीपासून पाण्याला शिवत नाही. वाटेत जाणार कुठं? डोंगरातली वळणं, गाडी भरलेली, थांबा आला तरी आडोसा नाही. हे कुणी शिकवावं लागत नाही, आईकडून लेकीकडे आपोआप येतं. त्यामुळे दुपारी बाकड्यावर येऊन बसलेल्या साऱ्या कोरड्या ठणठणीत.

"सकाळधरनं घोटभर पानी नाय घेतलंय, बाय," एक म्हातारी मला अभिमानानं म्हणाली होती. "यष्टीत कुठं जानार?"

मग मी त्यांना पाणी प्यायला लावायचे. समोर पुरुष बसलेले, त्यामुळे पदर तोंडासमोर धरून पेल्यामागून पेले. आणि तासाभरानं त्यांचं नाव पुकारलं की नेमकं काय व्हायचं? डॉक्टरांसमोर जायचं म्हणजे नीट, हलकं होऊन जावं ही आमच्याकडची रीत. त्या उठायच्या, लुगडं सावरायच्या आणि सरळ बोळाच्या टोकाला संडासात. केलेलं सगळं पाण्यात. मी मागून धावत, "अहो मावशी, आता जाऊ नका, धरून ठेवा!" असं ओरडायचे आणि बाकड्यावरचे सगळे नवरे एकाच वेळी छताकडे बघायला लागायचे.

एकदा राजिवड्यावरची एक बाई माझा हा तमाशा बघत बसली होती. तिचा नवरा आखातात होता, ती एकटीच आलेली, बुरख्याआडून नुसते डोळे दिसत होते. ती म्हणाली, "अगो, लघवी लघवी काय लावलंस सकाळपास्नं? घागर भरली काय म्हन नी." सगळं बाकडं हसलं. त्या दिवसापासून दवाखान्यात घागर हाच शब्द झाला. डॉक्टरसुद्धा आतून ओरडायचे, "पुढची घागर भरली का बघ गं!"

माझं काम सोपं झालं, पण तो शब्द गावभर झाला. मासळी बाजारात दोघीजणी माझ्याकडे बघून कुजबुजल्या, "हीच ती घागरवाली." एक स्थळ त्यावरून फिरलं. मुलाच्या आईनं निरोप पाठवला, की मुलगी शिकलेली आहे, पण असली कामं करते. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि अण्णा आईशी. मला इतकी लाज वाटली की मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. सोडली नाही, कारण अंधाऱ्या खोलीत पडदा उजळला की मला बाहेरचं सगळं विसरायला व्हायचं.

अण्णा आजारी आहेत हे आम्हांला ठाऊक नव्हतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत आले. दिसत एवढंच होतं, की त्यांचं जेवण कमी झालंय, पाय सुजताहेत आणि पोट मात्र सुटलंय. त्या पोटावरून आम्ही त्यांची चेष्टा करायचो. आयुष्यभर स्टँडवर उभा राहिलेला माणूस घरी बसला की दुसरं काय होणार? आई त्याला निवृत्तीचं पोट म्हणायची. अण्णा हसायचे आणि शर्ट खाली ओढायचे.

पाय फारच सुजले तेव्हा ते आम्हांला न सांगता आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पोट दाबून बघितलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. हे मला नंतर कळलं. हेही नंतर कळलं, की अण्णांनी कोल्हापूरला जाऊन करून घेतो म्हणून हट्ट धरला होता. जुने डॉक्टर त्यांना म्हणाले, "घरची पोर तिथं कामाला असताना घाट कशाला चढताय?" यावर अण्णा काय बोलणार? जिच्यामुळे घाट चढायचा होता तीच तर घरची पोर होती.

त्या दिवशी दुपारी मी पुढचा पेशंट पुकारायला दार उघडलं, तर बाकड्यावर बायकांच्या रांगेत अगदी टोकाला अण्णा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर छत्री, नजर समोरच्या भिंतीवर. सकाळी घरातून निघताना त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मला बघून ते उठले नाहीत, हसले नाहीत. एखाद्या अनोळखी कारकुनाला द्यावी तशी त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी ती घेतली. दिवसातून कितीतरी वेळा जो प्रश्न मी परक्या माणसांना बेधडक विचारायचे, तो सोडून मी चिठ्ठीवरची तारीख वाचत राहिले.

तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला. "काय गं, घागर भरलीय का विचार त्यांना!"

बायका पदर लावून हसल्या. अण्णांनी छत्री या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "भरलेली आहे."

आत खोलीत अंधार असायचा, पडदा नीट दिसावा म्हणून. पेशंटला झोपवायचं, कपडे सैल करायला सांगायचं आणि पोटावर जेली लावायची, ही कामं माझी. डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, वडील होय? बरं बरं." पण जेली त्यांनी स्वतः घेतली नाही. त्यांच्या ते लक्षातच आलं नसावं, आणि मला सांगवेना. अण्णांनी धोतराची गाठ सैल केली, शर्ट वर केला आणि डोळे घट्ट मिटले. मी प्रत्येकाला 'गार लागेल हं' म्हणायचे. त्यांना तेही म्हणाले नाही. जेली पडताच ते दचकले.

ते पोट चरबीचं नव्हतं. हाताला ताठ लागलं, तबल्यासारखं. आम्ही घरात बसून ज्याची मस्करी केली ते हेच, हे मला तिथं कळलं. मी हात पुसला आणि मशीनच्या मागे जाऊन उभी राहिले.

डॉक्टरांनी प्रोब टेकवला आणि पडदा काळा झाला. मला वाटलं, वायर सुटली. पण ती सुटली नव्हती. तेवढं पाणी होतं. मूत्राशयाची कड शोधायला डॉक्टरांना प्रोब बेंबीच्या वर न्यावा लागला. मग त्यांनी दोन्ही कुशींवर प्रोब ठेवला. मूत्रपिंडाच्या मधोमध एरवी पांढरं दिसतं, तिथं काळ्या फटी उघडल्या होत्या.

"मूत्रपिंडं फुगल्यासारखी दिसताहेत," डॉक्टर म्हणाले. "पण खाली एवढं तुडुंब भरलं असलं की तशी दिसतात कधी कधी. रिकामं करून आले की उतरतात. आजोबा, जाऊन या. मग परत बघतो."

साठीचे अण्णा कुणाचे आजोबा नव्हते. स्टँडवर त्यांना साहेब म्हणायचे. ते मुकाट्यानं उठले आणि बोळातून गेले.

संडास बोळाच्या टोकाला होता. प्लायवूडचं दार, खाली वीतभर फट, आत बादली आणि प्लॅस्टिकचा मग. पेशंट बाहेर आला की लगेच आत न्यायचा म्हणून मी एरवी दाराशीच उभी राहायचे. त्या दिवशी मी तिथून लांब गेले. बाहेरच्या दाराशी मशीनचा स्टॅबिलायझर होता, त्याचा काटा बघत उभी राहिले. तो काटा जागच्या जागी होता. अण्णा बऱ्याच वेळानं आले आणि म्हणाले, "झालं."

पुन्हा टेबल, पुन्हा जेली, पुन्हा प्रोब. पडदा तसाच काळा.

"आजोबा, तुम्ही गेलाच नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पेशंट खोटं बोलतात, रोज बोलतात. न प्यालेलं पाणी प्यालं म्हणतात, आणि जाऊन आलेल्या बायका गेलोच नाही म्हणतात. बाहेर भरल्या घागरी घेऊन बायका ताटकळल्या होत्या. "लाजू नका. दवाखाना आहे हा. जा परत." आणि मला म्हणाले, "तू थांब तिथंच. जातात का नीट बघ."

या वेळी मी दाराशी थांबले. थांबायला सांगितलं होतं म्हणून थांबले, असं मी स्वतःला बजावत होते.

सुरुवातीला काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मग श्वास रोखल्याचा आवाज, जड ओझं उचलताना येतो तसा, आणि मग एक थेंब, दुसरा थेंब. मग थांबलं. पुन्हा जोर, पुन्हा थेंब. "आई गं," असं ते पुटपुटले. माझ्या वडिलांच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. त्यानंतर बादलीत मग बुडाल्याचा आवाज आला आणि वरून पाणी ओतल्याचा. सावकाश, एका धारेत, मोजूनमापून. मग पुन्हा मग बुडाला, पुन्हा धार.

ते बाहेरच्यांसाठी होतं. म्हणजे माझ्यासाठी.

ते बाहेर आले तेव्हा कपाळ घामानं थबथबलेलं आणि पावलं ओली. "झालं," ते कॅलेंडरकडे बघत म्हणाले.

तिसऱ्यांदा टेबलावर घेतलं तेव्हा डॉक्टरांचा धीर सुटत चालला होता, पण माणूस वाईट नव्हता. प्रोब टेकवून, काळा पडदा बघून त्यांनी उसासा सोडला. मग माझ्याकडे बघून त्यांना वाटलं, की आपल्याला कारण सापडलं. ते हळू आवाजात म्हणाले, "मुलगी आहे म्हणून अवघडताय का? असं करू. उद्या या. हिला मी सुट्टी देतो. सावकाश जाऊन या, मग बघू."

अण्णांनी डोळे उघडले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा त्यांनी तो शब्द पकडला. "होय डॉक्टर," ते म्हणाले, "अवघडल्यासारखं झालं. लाज वाटली. गेलोच नाही मी. उद्या येतो."

इतकं घडाघडा ते दिवसभरात पहिल्यांदाच बोलत होते. आणि मला समजलं, की उद्या ते येणार नाहीत. परवाही नाहीत. छत्री घेऊन ते घरी जातील, डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं असं आईला सांगतील, आणि शर्ट खाली ओढून बसतील.

मशीन इथं काही करू शकत नव्हतं. गेलेला माणूस आणि न गेलेला माणूस, पडद्यावर दोघांचं चित्र एकच, काळं. तो गेला नसेल तर वर फुगलेली मूत्रपिंडं ही नुसती भरल्या घागरीची करामत, तिला कुणी भ्यायचं कारण नाही. पण तो गेला असेल, जीव खाऊन जोर केला असेल आणि तरी एवढं आत उरलं असेल, तर मूत्रपिंडं आतल्या आत कुजायला लागलेली आहेत आणि प्रत्येक दिवस महाग आहे. या दोन्हीतलं खरं काय हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक खोटं बोलून मोकळा झाला होता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. टेबलावर ते उघड्या पोटानं पडलेले. मी तोंड उघडलं तर उरलंसुरलं पांघरूणही ओढून घेतल्यासारखं होणार होतं.

"डॉक्टर, ते गेले होते," मी म्हणाले.

"ते स्वतः नाही म्हणताहेत की."

"गेले होते. मी ऐकलं." माझा आवाज मला परका वाटत होता. "होत नाहीये त्यांना. थेंब थेंब होतं आणि थांबतं. जोर करत होते, कण्हत होते. नंतर मगनं पाणी ओतत होते. आवाज यावा म्हणून."

अण्णांनी आपला हात उचलला आणि डोळ्यांवर आडवा ठेवला. शर्ट वर गेलेला, पोटावर जेली चमकतेय, आणि तोंड तेवढं झाकलेलं. ते दृश्य मला आजही नको असतं.

डॉक्टरांनी प्रोब अडकवून ठेवला. स्टूल पुढे ओढून ते अण्णांच्या उशाशी बसले. त्यांचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. "कधीपासून, काका?"

अण्णा हाताखालूनच म्हणाले, "पावसाच्या आधीपासून."

आता बाहेर आंब्याला मोहोर आला होता.

डॉक्टरांनी मला बाहेर पाठवलं आणि कंपाउंडरला बोलावलं. नळी घालायची होती. मी बाकड्यासमोर येऊन उभी राहिले, पण मला पुढचा पेशंट पुकारायला होईना. एका बाईनंच मला हाक मारली. "बाय, माजी भरून व्हतेय गो. कदी घेताव?" मी तिला सांगितलं, जाऊन या, हलक्या होऊन बसा, वेळ लागणार आहे. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला धरून ठेवा म्हणून ओरडणारी मीच होते.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. सगळं एकदम काढलं तर रक्तदाब पडतो, म्हणून थोडं थोडं काढताहेत, असं म्हणाले. मूत्रपिंडं पुन्हा बघितली, थोडी उतरली होती पण फारशी नाही. प्रोस्टेटची गाठ वाढून वाट दाबली गेली होती. "वेळेत सांगितलंस," ते म्हणाले. "अजून महिनाभर असंच चाललं असतं तर अवघड होतं." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला भर बाजारात आपण आपल्या बापाचं धोतर सोडलं असंच वाटत होतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळ्या घरांत होतं तसंच झालं. मूत्रपिंडं सावरेपर्यंत नळी ठेवायची होती आणि मग ऑपरेशन. ते कोल्हापूरला झालं आणि नीट झालं. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, माझं लग्न त्यांनी बघितलं, नातवंडं खेळवली. पण नळीचे ते दिवस घरात फार वाईट गेले. खाटेखाली लघवीची पिशवी लटकलेली असायची. कुणी आलं तर दिसू नये म्हणून आईनं तिला जुन्या लुगड्याची खोळ शिवली. ती रिकामी करायचं काम माझ्याकडे आलं. आईला ते बघवत नव्हतं, आणि मी काय, घागरवालीच होते. मी खाली बसले की अण्णा भिंतीकडे तोंड करायचे. चहा घेताना, पेपर मागताना, कशालाच ते माझ्याकडे बघायचे नाहीत. मीही त्यांच्याकडे बघायचं टाळायचे. एका घरात आम्ही दोघं एकमेकांना चुकवत फिरत होतो.

एका दुपारी आई देवळात गेली होती. मी पिशवी रिकामी करत होते आणि अण्णा नेहमीसारखे भिंतीकडे वळलेले. तसंच पाठमोरं राहून ते म्हणाले, "त्या दिवशी तू दारात उभी राहून ऐकत होतीस."

"होय."

"सगळं?"

"होय, अण्णा."

त्यांनी चादर खांद्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, झालं, आता हे कधीच बोलणार नाहीत. मग म्हणाले, "घरी नव्हतं गो ऐकू येत?"

मला उत्तर द्यावं लागलं नसतं तर बरं झालं असतं. आमची मोरी स्वयंपाकघराला लागून होती, मध्ये नुसता पत्रा. सकाळी अण्णा आत गेले की आई भांडी आपटायला लागायची आणि मी रेडिओ मोठा करायचे. पावसाळाभर आम्ही हेच केलं. आई आणि मी त्याबद्दल एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो. अळीमिळी गुपचिळी. मला वाटायचं, आपण त्यांचा मान राखतोय.

"यायचं," मी म्हणाले.

"मग?"

"तुम्हांला लाज वाटेल म्हणून..."

"वाटायचीच," अण्णा भिंतीला म्हणाले. "पण रोज आत गेलो की मनात यायचं, आज बाहेर आल्यावर दोघींपैकी कुणीतरी विचारील."